नवा संघनायक: पहिले तीन महिने

स्काउट-गाईडच्या संघाचा नायक म्हणून खिशावर फिती लागल्या की शिट्टी फुंकून हुकूम सोडावेसे वाटतात. पहिला आठवडा ती शिट्टी खिशातच ठेव. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर भरवलं, तेव्हाच मुलांचे चार संघ पाडले होते आणि प्रत्येक संघ एका मुलाच्या हाती दिला होता. भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये आजही संघ पद्धती हाच सगळ्याचा कणा आहे. सहा ते आठ जणांचा संघ चालवायचा तो संघनायकाने किंवा संघनायिकेने. सर आणि बाई मदतीला असतात, पण संघ त्यांचा नसतो.

सुरुवात एका वहीपासून कर. प्रत्येकाला एक पान. घरचा फोन नंबर, पोहता येतं का, कशाची ॲलर्जी, रोजची औषधं, कोणत्या सोपानावर (स्काउटिंगच्या शिक्षणातल्या पायरीवर) आहे आणि त्यातल्या कोणत्या चाचण्या राहिल्या आहेत, हे सगळं त्यावर लिही. माहिती एकेकट्याला गाठून विचार. चारचौघांत कुणी सांगत नाही की मला रात्री तंबूत भीती वाटते. ही वही शिबिराला बरोबर असायलाच हवी.

मग उपनायक. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते आपल्या जिवलग मित्राला निवडतात. मग दोघं एकत्र बोलत बसतात आणि उरलेला संघ वाऱ्यावर. तुला जे जमत नाही ते ज्याला जमतं, त्याचं नाव सरांना सुचव. तुझा स्वभाव घाईचा असेल तर तुला शांत उपनायक हवा.

बाकीच्यांना कामं वाटून दे: साहित्य, हजेरी आणि टिपणं, पैशांचा हिशोब, प्रथमोपचार पेटी, स्वयंपाक. तीन महिन्यांनी कामं बदल. सगळ्यात लहान मुलालाही खरं काम मिळालं पाहिजे. ‘सरांना बोलावून आण’ हे काम नव्हे. प्रथमोपचार पेटीतलं काय संपलंय ते दर आठवड्याला बघणं, हे काम.

संघसभा ४० मिनिटांत आटप. पाच मिनिटं हजेरी, पंधरा मिनिटं एकच कौशल्य, दहा मिनिटं त्याच कौशल्यावरचा खेळ, दहा मिनिटं पुढच्या आठवड्याची आखणी. एका सभेत चार गाठी शिकवल्या तर पुढच्या शनिवारी एकही आठवत नाही.

गाठ शिकवताना समोर बसू नकोस, शेजारी बस. समोरून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसतं. क्लोव्ह हिचमध्ये (दोरी काठीला बांधायच्या गाठीत) मुलं अडतात त्याचं मोठं कारण हेच. प्रत्येकाच्या हातात दोन मीटर दोरी हवी. एकदा नेहमीच्या वेगात दाखव, एकदा सावकाश, आणि नंतर हात मागे घे. तो चुकला तरी दोरी हिसकावू नकोस. कुठे चुकलं ते तोंडाने सांग. त्याला गाठ आली की त्यानेच ती दुसऱ्याला शिकवायची.

स्क्वेअर लॅशिंग (दोन आडव्या-उभ्या काठ्यांची दोरीने केलेली बांधणी) ढिलं पडतं तेव्हा मुलं आणखी वेढे घालत सुटतात. दोष सहसा वेढ्यांच्या संख्येत नसतो. उभ्या काठीवर क्लोव्ह हिच, मग दोन्ही काठ्यांभोवती तीन-चार वेढे, आणि त्यानंतर दोन काठ्यांच्या मधून आवळणारे दोन-तीन वेढे. हे शेवटचे वेढे अंगाचा जोर लावून ओढले नाहीत, किंवा आधीचे वेढे एकमेकांवर चढले, की चौकट डुलते. सोडून पुन्हा बांधायला लाव.

पदभ्रमणात सर्वांत हळू चालणारा तुझ्या लगेच मागे आणि उपनायक शेवटी. वेगवान मुलं पुढे सोडलीस तर रांग तुटते आणि मागच्याला विश्रांती कधीच मिळत नाही, कारण तो पोचतो तेव्हा पुढचे उठलेले असतात. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

शिबिरात आठ जणांच्या खिचडीला ८०० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम मूगडाळ आणि साधारण चार लिटर पाणी धर. चुलीवर पाणी आटतं, म्हणून एक-दोन तांबे गरम पाणी बाजूला असू दे. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवले तर सरपण वाचतं. भांड्याला बाहेरून मातीचा लेप दिला की काजळी घासत बसावं लागत नाही. भांड्यांची पाळी तुझ्यावरही येते आणि ती पहिल्याच दिवशी घ्यावी. संघ ते बघत असतो.

मानसभेला, म्हणजे सगळ्या संघनायकांच्या बैठकीला, जाताना स्वतःचं मत घेऊन जाऊ नकोस, संघाचं घेऊन जा. आदल्या संघसभेत विचार, लिहून घे आणि तेच मांड. निर्णय विरोधात गेला तरी परत येऊन त्याची कारणं नीट सांग. ‘सरांनी ठरवलं, मी काय करू’ असं म्हटलंस की संघाने तुला पाठवण्यात अर्थ उरत नाही. एखाद्याच्या चुकीची चर्चा तिथे झाली तर ती बाहेर काढायची नाही.

सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे ‘मीच करतो, लवकर होईल’. तंबू खरंच लवकर उभा राहतो, पण सात जण खिशात हात घालून बघत राहतात आणि पुढच्या शिबिरातही त्यांना खुंटी तिरकी ठोकायचं कळत नाही. महिन्यातून एक सभा उपनायकाला चालवू दे आणि तू साध्या सदस्यासारखं रांगेत उभं राहा. कुणाला रागवायचं असेल तर बाजूला नेऊन, आणि त्याच दिवशी.

इथे शिक्षकांनाही एक विनंती आहे. संघनायकाला डावलून थेट मुलांना सूचना देऊ नका. दोनदा तसं झालं की मुलं त्याचं ऐकणं बंद करतात, आणि मग दोष त्याच्यावर येतो.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वही उघड. प्रत्येकाची किमान एक चाचणी पुढे सरकलेली दिसली पाहिजे. ज्याचं पान कोरं आहे, पुढच्या संघसभेत त्याच्या शेजारी बस.