व्हीएमचा ॲक्सेस रिपोर्ट: स्क्रिप्ट चालते, उत्तर चुकतं. या चुका टाळा

मार्च जवळ आला की ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून महापे-ऐरोलीपर्यंत आयटीवाल्यांच्या इनबॉक्समध्ये एक ठरलेला मेल येतो: सगळ्या व्हर्च्युअल मशीनवरच्या (व्हीएम, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीन) युजर ॲक्सेसची यादी शुक्रवारपर्यंत पाठवा. मग कोणीतरी पॉवरसीएलआय (व्हीएमवेअरच्या व्हीएम कमांडने हाताळायचं साधन) उघडतो, गेट-व्हीएम या यादीच्या कमांडपुढे पाइप टाकून गेट-व्हीआयपरमिशन ही परवानग्यांची कमांड लिहितो, सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) काढतो आणि पाठवून मोकळा होतो. फाइल गच्च भरलेली असते, लाल एरर एकही नसतो. पण ऑडिटर विचारतो, "अमुक माणूस डिसेंबरमध्ये नोकरी सोडून गेला. तो आज पेरोलच्या मशीनमध्ये शिरू शकतो का?" आणि तिथे ती फाइल गप्प बसते. परवानगी कुठे नोंदवली आहे एवढंच तिला माहीत असतं. प्रत्यक्षात कोण काय करू शकतो, हे त्या नोंदींवरून वेगळं काढावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका या काढण्यातल्या आहेत.

स्क्रिप्ट कोणाच्या लॉगिनने चालवली?

व्हीसेंटर (सगळ्या व्हीएम एका जागी सांभाळणारा व्हीएमवेअरचा सर्व्हर) प्रत्येकाला त्याच्या हक्कातल्याच वस्तू दाखवतं. तुमच्या लॉगिनला डेटाबेस टीमचा फोल्डर दिसत नसेल, तर त्यातल्या व्हीएम तुमच्या रिपोर्टमध्ये येणारच नाहीत. एरर नाही, इशारा नाही, नुसत्या ओळी कमी. स्क्रिप्टमध्ये सगळीकडे 'सायलेंटली कंटिन्यू' (एरर न दाखवता पुढे जा) पेरून ठेवलं असेल तर उरलेसुरले एररही गिळले जातात. ही सवय मला अजिबात पटत नाही. रिपोर्टच्या स्क्रिप्टने बोंब मारायलाच हवी.

रिपोर्टसाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट काढा. त्याला सर्वांत वरच्या रूट पातळीवर रीड-ओन्ली रोल (फक्त पाहण्याच्या अधिकारांचा संच) द्या आणि प्रोपगेट (परवानगी खालच्या सगळ्या वस्तूंना लागू करणारी खूण) चालू ठेवा. ॲडमिन रोल देऊ नका, नुसतं वाचायला त्याची गरज नाही. शेवटी स्क्रिप्टला एकूण व्हीएमची संख्या छापायला लावा आणि ती ॲडमिन लॉगिनने दिसणाऱ्या संख्येशी जुळवून पाहा. दोन व्हीसेंटर असतील तर व्हीएम नुसत्या नावाने ओळखू नका. 'टेस्ट-०१' दोन्हीकडे असतेच. व्हीसेंटरचं नाव आणि ऑब्जेक्ट आयडी असे दोन्ही कॉलम ठेवा.

परवानगी दोन वाटांनी खाली येते

सगळ्यात जास्त रिपोर्ट इथे फसतात. व्हीस्फिअरमध्ये (व्हीएमवेअरच्या या सगळ्या प्रणालीत) व्हीएमला वारशाने मिळणाऱ्या परवानग्या एकाच वेळी दोन बाजूंनी येतात. एक बाजू व्हीएम फोल्डरची, दुसरी होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर), क्लस्टर (अशा होस्टांचा गट) किंवा रिसोर्स पूलची (मेमरी-प्रोसेसरचा वाटून दिलेला हिस्सा). आपल्याला रोज फोल्डरचं झाड दिसतं, म्हणून स्क्रिप्टही तेवढंच झाड चढते.

समजा 'पेरोल' फोल्डरवर फक्त एचआरच्या सिस्टिम टीमचा ग्रुप आहे. फोल्डरपुरता रिपोर्ट अगदी स्वच्छ दिसतो. पण त्या व्हीएम ज्या क्लस्टरवर चालतात, त्यावर कोणे एके काळी मेंटेनन्सच्या व्हेंडरचा ग्रुप जोडला गेला आणि प्रोपगेटची खूण तशीच राहिली. व्हेंडर त्या वाटेने थेट पेरोलच्या मशीनपर्यंत पोहोचतो. उलट दिशेनेही घोटाळा होतो. एखाद्याला अडवायचं म्हणून फोल्डरवर 'नो ॲक्सेस' लावतात, पण क्लस्टरकडून आलेली परवानगी तशीच राहते. अडवायचं तर दोन्हीकडे अडवावं लागतं.

थेट एपीआय (प्रोग्रामने व्हीसेंटरशी बोलायची सोय) वापरत असाल तर रिट्रीव्ह-एन्टिटी-परमिशन्स या मेथडला 'इनहेरिटेड' नावाचा होय-नाही पर्याय असतो. तो 'नाही' असेल तर फक्त त्या व्हीएमवर लिहिलेल्या नोंदी मिळतात, आणि बहुतेक व्हीएमवर थेट काहीच लिहिलेलं नसतं. कोरा रिपोर्ट पाहून 'कोणालाच ॲक्सेस नाही' असं ठरवणारेही भेटतात! तो पर्याय 'होय' ठेवा आणि रिपोर्टमध्ये 'नोंद कुठे आहे' हा कॉलम हमखास द्या. व्हेंडरचं नाव कुठून काढायचं, हे तो कॉलमच दाखवतो.

कोणाचं वजन जास्त याचेही नियम स्क्रिप्टमध्ये घालावे लागतात. त्याच युजरची किंवा त्याच ग्रुपची खालच्या पातळीवर वेगळी नोंद असेल तर ती वरच्या नोंदीला मोडते. एकाच वस्तूवर युजरची थेट नोंद आणि त्याच्या ग्रुपची नोंद अशा दोन्ही असतील तर थेट नोंद चालते. दोन ग्रुपांच्या नोंदी असतील तर दोन्हींचे अधिकार एकत्र होतात. नुसत्या ओळी छापून यातलं काहीच कळत नाही. ग्लोबल परमिशन (एका व्हीसेंटरपुरत्या न थांबणाऱ्या परवानग्या) तर वेगळ्याच जागी असतात. त्या ॲडमिनिस्ट्रेशनखाली ॲक्सेस कंट्रोलमध्ये जाऊन वेगळ्या तपासा आणि रिपोर्टला जोडा.

ग्रुपचं नाव म्हणजे माणूस नव्हे

ऑडिटरला माणसं हवी असतात, तुमच्या फाइलमध्ये ग्रुप असतात. ग्रुप उघडताना ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (कंपनीच्या युजर-ग्रुपांची मध्यवर्ती नोंदवही) गेट-एडीग्रुपमेंबर या कमांडला 'रिकर्सिव्ह' द्या, नाहीतर ग्रुपातले ग्रुप तसेच बंद राहतात. या कमांडला मूळ सेटिंगनुसार 5000 सदस्यांची मर्यादा आहे. मोठ्या ग्रुपवर ती अडते, आणि एरर गिळलेला असेल तर तो ग्रुप रिकामाच दिसतो. प्रत्येक नावापुढे अकाउंट चालू आहे की डिसेबल, हेही छापा.

शेवटचं लॉगिन दाखवताना 'लास्टलॉगऑन' घेऊ नका. प्रत्येक डोमेन कंट्रोलर (ही नोंदवही सांभाळणारा सर्व्हर) ते स्वतःपुरतं ठेवतो, एकमेकांना कळवत नाही. 'लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प' सगळीकडे पोहोचतं, पण मूळ सेटिंगमध्ये ते 9 ते 14 दिवस मागे असू शकतं. "कालच लॉगिन केलं होतं, मग इथे मागच्या आठवड्याची तारीख कशी?" या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

सोडून गेलेल्यांबाबत एक बारकावा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून युजर काढला की व्हीसेंटर पुढच्या पडताळणीत त्याच्या परवानग्या काढतं. ही पडताळणी मूळ सेटिंगनुसार 1440 मिनिटांनी, म्हणजे दिवसातून एकदा होते. त्याआधी त्याच नावाचा नवा युजर तयार झाला तर जुन्याच्या परवानग्या नव्याला मिळतात. आडनावाआधी एक अक्षर अशी लॉगिन नावं ठेवणाऱ्या कंपनीत एक पी. पाटील जाऊन दुसरा पी. पाटील यायला कितीसा वेळ लागतो?

मशीनच्या आतला दरवाजा

व्हीसेंटरचा रिपोर्ट कितीही चोख असला तरी लिनक्सच्या किंवा विंडोजच्या आत कोण शिरतो हे त्याला माहीत नसतं. हा दुसरा रिपोर्ट, आणि तो वेगळाच काढावा लागतो.

लिनक्सवर युजरची यादी असलेली 'पासडब्ल्यूडी' फाइल वाचून काम संपत नाही. डोमेनमधून एसएसएसडीमार्फत (लिनक्सला डोमेनशी जोडणारी सेवा) येणारे युजर त्या फाइलीत नसतात, आणि मूळ सेटिंगमध्ये 'गेटएंट' कमांडच्या पूर्ण यादीतही येत नाहीत. सुडोचे अधिकार (रूट म्हणजे सर्वोच्च युजर म्हणून कमांड चालवायचे) 'सुडोअर्स' फाइलीसोबत 'सुडोअर्स डॉट डी' फोल्डरमध्येही असतात. तिथल्या ज्या फाइलच्या नावात टिंब असतं ती सुडो वाचतच नाही, म्हणजे रिपोर्टने तिच्यातले अधिकार दाखवले तर ते खोटे. एकेका युजरसाठी सुडोलाच विचारणं बरं: 'सुडो', मग 'एल' आणि मोठा 'यू' हे पर्याय, मग युजरचं नाव.

एसएसएच कीचं (पासवर्डशिवाय दूरून लॉगिन करू देणाऱ्या किल्लीचं) प्रकरण जास्त गंभीर आहे. माणूस गेला की 'पासडब्ल्यूडी' कमांडला 'एल' पर्याय देऊन अकाउंट लॉक करतात आणि रिपोर्टमध्ये 'लॉक्ड' छापतात. पण त्याने लॉक होतो फक्त पासवर्ड. 'ऑथोराइज्ड कीज' फाइलीत त्याची की पडून असेल तर तो तिच्या जोरावर अजूनही आत येऊ शकतो. अकाउंटची मुदतच संपवा, की काढा, आणि रिपोर्टमध्ये 'लॉक' आणि 'की आहे का' असे दोन वेगळे कॉलम ठेवा.

विंडोजवर गेट-लोकलग्रुपमेंबर चालवताना एरर आला तर बहुधा ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपात डोमेनमधून पुसल्या गेलेल्या कोणाचा तरी नुसता एसआयडी (अकाउंटचा ओळख क्रमांक) उरलेला असतो. एका अनाथ ओळीपायी पूर्ण यादी मिळत नाही. अशा वेळी जुनी 'नेट लोकलग्रुप' कमांड कामाला येते.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवर व्हीएम असतील तर 'लॉगिन' नाव असलेले रोल मोजून थांबू नका. 'व्हर्च्युअल मशीन काँट्रिब्युटर'ला मशीनमध्ये लॉगिनचा हक्क नसतो, पण 'रन कमांड' वापरून तो आत रूट (लिनक्स) किंवा सिस्टिमच्या (विंडोज), म्हणजे सर्वोच्च अधिकाराने हवी ती स्क्रिप्ट चालवू शकतो. रिपोर्टमध्ये तो 'लॉगिन नाही' या रकान्यात जाऊन बसतो.

फाइल बिघडते ती अशी

'फॉर्मॅट-टेबल'नंतर 'एक्सपोर्ट-सीएसव्ही' लावलं की फाइलीत विचित्र आयडी येतात. फॉर्मॅट पडद्यासाठी आहे, तो काढून टाका. एका खान्यात अनेक ग्रुप असतील तर 'जॉइन'ने जोडा, नाहीतर तिथे 'सिस्टिम डॉट ऑब्जेक्ट' एवढंच उमटतं. फोल्डरची नावं किंवा नोट्स मराठीत असतील तर विंडोज पॉवरशेल 5.1 मूळ सेटिंगमध्ये त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं छापतं. तिथे एन्कोडिंग 'यूटीएफ८' द्या; पॉवरशेल 7 मध्ये 'यूटीएफ८बॉम' द्या, म्हणजे एक्सेलमध्ये अक्षरं नीट उघडतील.

आणि हा रिपोर्ट आजचा आहे. "डिसेंबरमध्ये कोणाला ॲक्सेस होता?" याचं उत्तर त्यात नाही. व्हीसेंटरमधले इव्हेंट (घडामोडींच्या नोंदी) मूळ सेटिंगनुसार 30 दिवसच राहतात, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपून ठेवायचे आहेत. इव्हेंट सिसलॉग सर्व्हरकडे (लॉग साठवणारा वेगळा सर्व्हर) पाठवा. स्क्रिप्ट दर आठवड्याला शेड्युलवर टाका आणि नवी फाइल मागच्या आठवड्याच्या फाइलशी 'कंपेअर-ऑब्जेक्ट'ने ताडा. ताडताना व्हीसेंटर, ऑब्जेक्ट आयडी, युजर किंवा ग्रुप, रोल आणि नोंदीची जागा एवढेच कॉलम घ्या. शेवटच्या लॉगिनची तारीख त्यात आली तर दर वेळी निम्मी फाइल बदललेली दिसेल आणि खरा बदल त्यात हरवेल.