लेवीयातलं रक्त: सेमिनरीत नव्याने आलेल्यांसाठी

बायबलातलं लेवीय हे अर्पणांच्या नियमांचं पुस्तक वाचायला घ्याल तेव्हा नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र मिटून बाजूला ठेवा. कायमचं नाही, पण पहिले सतरा अध्याय होईपर्यंत तरी. मला हे सुरुवातीला कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे जरा घसा ताणून सांगते.

होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण यांतला फरक तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. अडकायला होतं ते पुढे. संडे स्कूलपासून डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो: पाप झालं, शिक्षा मरण, माणसाऐवजी जनावर मेलं, मिटलं. तो घेऊन वाचलं की प्रत्येक ओळीत तोच दिसतो. मलाही बरेच दिवस दुसरं काही दिसलं नाही.

आता चौथा अध्याय सावकाश वाचा. सामान्य माणसाच्या हातून नकळत पाप घडलं, तर जनावराच्या डोक्यावर हात ठेवतो तोच, आणि कापतोही तोच. याजकाचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते रक्ताचं आहे. तो बोटाने होमवेदीच्या शिंगांना रक्त लावतो, उरलेलं पायथ्याशी ओततो. पाप अभिषिक्त याजकाचं किंवा सगळ्या मंडळीचं असेल तर रक्त दर्शनमंडपात, म्हणजे देवाच्या तंबूत, जातं, अंतरपटासमोर (आतल्या पडद्यासमोर) सात वेळा शिंपडलं जातं, धूपवेदीच्या शिंगांना लागतं. वर्षातून एकदा, सोळाव्या अध्यायातल्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते अंतरपटाच्याही आत दयासनापर्यंत, म्हणजे कराराच्या कोशावरच्या झाकणापर्यंत, पोचतं. पापार्पणाचं हे रक्त पाप करणाऱ्याच्या अंगाला मात्र कुठेच लागत नाही.

आठव्या अध्यायात मोशे वेदी रक्ताने शुद्ध करतो. वेदीने कोणतं पाप केलं होतं? बाराव्यात बाळंतीण पापार्पण आणते. मूल होणं हे काय पाप झालं? (मरीयेने लूकच्या दुसऱ्या अध्यायात हाच नियम पाळला, नाताळच्या प्रवचनात हे कुणी सांगत नाही.) याकोब मिल्ग्रोम या यहुदी अभ्यासकाने अशाच जागांवर बोट ठेवून मांडलं, की हे रक्त पवित्रस्थान स्वच्छ करतं. लोकांची पापं आणि अशुद्धता तिथे साचत जाते, आणि फार साचली तर देव तिथे राहत नाही. रॉय गेन या दुसऱ्या अभ्यासकाला हे पूर्ण पटत नाही. त्याच्या मते एरवीची पापार्पणं माणसालाच शुद्ध करतात, पवित्रस्थानाची सफाई होते ती प्रायश्चित्ताच्या दिवशी. परीक्षेत दोन्ही लिहा, मार्क जात नाहीत.

सीनियर लोकांकडून ‘सावली आणि पूर्णता’चे तक्ते झेरॉक्स होऊन येतील: डावीकडे निवासमंडपाची एकेक वस्तू, उजवीकडे येशू. घेऊ नका. त्यात सोळाव्या अध्यायातल्या दोन बकऱ्यांचा एकच बकरा झालेला असतो. ज्याच्या डोक्यावर पापं कबूल करतात तो अजाजेलाचा बकरा कापत नाहीत, जिवंत रानात सोडतात. कापतात तो दुसरा, आणि त्याच्यावर पापं ठेवल्याचं मजकुरात नाही. वल्हांडणाचं कोकरूही पापार्पणाच्या रांगेत घुसवलेलं असतं. निर्गमाचा बारावा अध्याय पापक्षमेबद्दल बोलतच नाही.

आणि लेवीय ५:११. होले किंवा पारव्याची पिल्लंही परवडत नसतील त्याने एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा हिस्सा सपीठ आणावं, तेल-धूप न घालता. त्याचीही क्षमा होते, रक्ताच्या थेंबाशिवाय. इब्री ९:२२ मध्ये ‘बहुतेक सगळं’ रक्ताने शुद्ध होतं असं आहे. व्यासपीठावर ते ‘बहुतेक’ गळून जातं.

श्रद्धा हलते का? हलते थोडी, घाबरू नका. आता इब्री पत्र उघडा. तिथे ख्रिस्त स्वतःचं रक्त घेऊन स्वर्गातल्या पवित्रस्थानात जातो, आणि ९:२३ मध्ये स्वर्गातल्या गोष्टींनाही शुद्धीकरण लागतं. आधी हे वचन मला निव्वळ विचित्र वाटायचं. सोळावा अध्याय पचला की ते जागेवर बसतं.

शंका काढली की ‘विश्वासाने घ्या’ म्हणणारे शिक्षक भेटतील. त्यांच्याशी भांडू नका, पण प्रबंधाला मार्गदर्शक म्हणून घेऊही नका. यहुदी वाचन आदराने शिकवणारं माणूस शोधा. यरुशलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं, म्हणून यहुद्यांचं प्रायश्चित्तच संपलं, असं निबंधात ठोकून देऊ नका. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत आले: दारं लावून घ्यायची आणि उपास. वेदी नाही, बकरा नाही, दिवस मात्र पाळलेला.

मिल्ग्रोमच्या लेवीयावरच्या भाष्याचा पहिला खंड १९९१चा, हजारावर पानांचा. अख्खा वाचायच्या फंदात पडू नका. चौथ्या आणि सोळाव्या अध्यायावरचं तेवढं घ्या, तेही मूळ अध्याय आपल्या मराठी बायबलात दोन-तीनदा वाचून झाल्यावर. हिब्रू कच्चं असलं तरी एवढ्याला पुरतं.