एचआयव्हीची प्रथिने शिकताना या चुका टाळा

उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटतं: 'एचआयव्ही सीडी४ पेशी मारतो, म्हणून प्रतिकारशक्ती घटते.' चूक नाही, पण अर्धवट आहे. (सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी.) लसीका ग्रंथींत मरणाऱ्या बहुतेक सीडी४ पेशींत लागण पूर्ण झालेलीच नसते. विषाणूचा अर्धवट डीएनए पेशीला जाणवतो आणि ती स्वतःच दाह पेटवून मरते.

नेफ या विषाणूच्या प्रथिनाबद्दल लिहिताना 'सगळे एमएचसी-१ रेणू काढून टाकतो' असं लिहू नका. हे रेणू पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर दाखवतात आणि त्यावरून मारक पेशी लागण ओळखतात. नेफ त्यांतले एचएलए-ए आणि बी हे प्रकार पृष्ठभागावरून हटवतो, सी-ला मात्र हात लावत नाही. सगळेच हटवले असते तर एनके पेशींना (हे रेणू नसलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकार-पेशींना) लगेच संशय आला असता! आणि नेफ नसला की विषाणू निरुपद्रवी, असंही नाही. ऑस्ट्रेलियात एकाच रक्तदात्याकडून नेफ-जनुक तुटलेला विषाणू काही जणांना गेला. आजार वर्षानुवर्षे रेंगाळला, पण पुढे त्यांतल्या काहींच्या सीडी४ पेशी घटल्याच.

सगळ्यांत जास्त गोंधळ व्हिफ या विषाणूच्या दुसऱ्या प्रथिनाचा. आकृतीत मुलं एपोबेक३जी (विषाणूला अडवणारं पेशीचं प्रथिन) आणि व्हिफ एकाच पेशीत झुंजताना दाखवतात, तिथवर ठीक. पण एपोबेकचा घाव पडतो पुढच्या पेशीत. व्हिफ नसेल तर एपोबेक नव्या विषाणूकणात चढून बसतं आणि तो कण दुसऱ्या पेशीत शिरून डीएनए बनवू लागला की त्यातल्या सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल करत सुटतं. त्यामुळे जोडीच्या धाग्यात जागोजागी जी-च्या (ग्वानिनच्या) जागी ए (अ‍ॅडेनिन) दिसू लागतो, विषाणू वाया जातो. व्हिफ एपोबेकवर युबिक्विटिनची ('नष्ट करा' अशी) खूण लावून घेतो आणि पेशीच्याच प्रोटिएझोमकडून (प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राकडून) त्याचा निकाल लावतो. यासाठी लागणारी यंत्रणाही पेशीचीच. व्हीपीयू (विषाणूचं आणखी एक प्रथिन) अशाच उसन्या यंत्रणेने टेदरिन (नवे कण पेशीला बांधून ठेवणारं पेशीचं प्रथिन) हटवतो, म्हणजे नवे कण पेशीला चिकटून राहत नाहीत.

आता उपचार. 'लक्ष्य' आणि 'औषध' एक समजू नका. नेफ, व्हिफ, व्हीपीयू यांच्यावर अजून एकही मान्यताप्राप्त औषध नाही. ही एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) नाहीत. दोन प्रथिनांची गाठ घालून देणं हेच यांचं काम, त्यामुळे औषधाला शिरायला सोयीची खाच सहसा सापडत नाही. १९८७च्या झिडोव्हुडिन या पहिल्या औषधापासून भर राहिला तो एन्झाइमांवर. मॅराव्हिरॉक हे औषध मुलं विषाणूवर बसवतात. ते बसतं आपल्याच पेशीवरच्या सीसीआर५वर, म्हणजे आत शिरताना विषाणू धरतो त्या प्रथिनावर.

कॅप्सिडही (विषाणूच्या जनुकांभोवतीचं प्रथिनांचं कवच) एन्झाइम नाही. तरी २०२२ साली मान्यता मिळालेलं लेनाकॅपाविर त्याच्या दोन शेजारी घटकांमधल्या फटीत बसतं, आणि इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदाच घ्यावं लागतं.