हिरा-टेस्टर: ‘बीप’ वाजली म्हणजे नेमकं काय कळलं?

ठाण्यात गोखले रोडवर सराफाच्या काउंटरवर दिसणारा पेनासारखा टेस्टर आता ऑनलाइनही सहज मिळतो. तो चमक बघत नाही, तापलेल्या टोकाची उष्णता खडा किती वेगाने ओढून घेतो ते बघतो, आणि हिऱ्याइतक्या वेगाने ओढली तर बीप वाजवतो. चांगला हिरा तांब्याच्या चार-पाचपट वेगाने उष्णता वाहून नेतो. अमेरिकन डायमंड तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नेत नाही. त्यामुळे काच आणि अमेरिकन डायमंड इथेच बाद होतात.

आधी दागिना साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, पूर्ण कोरडा करा. तेल-क्रीमचा थर असला की खरा हिराही नापास होतो. पावसाळ्यात एसीतून बाहेर काढलेल्या खड्यावर दव धरतं, तेव्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा.

टेस्टर सुरू करून तयार असल्याचा दिवा लागू द्या. बहुतेक पेनांना अर्धा मिनिट पुरतं. सोबतच्या तक्त्यात खोलीचं तापमान आणि खड्याचं वजन बघून टेस्टरच्या संवेदनशीलतेची पातळी लावा. चुका सर्वांत जास्त इथेच होतात: पातळी फार वर ठेवली तर नीलमही हिरा ‘ठरतो’, फार खाली ठेवली तर नथीतला बारीक हिरा नापास होतो. म्हणून आधी खात्रीच्या हिऱ्यावर आणि एका अमेरिकन डायमंडवर लावून बघाच.

टोक खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर अगदी काटकोनात टेकवा, आत दबेल इतकंच. तिरकं धरलं तर रीडिंग कमी येतं. सोन्याला लागलं तर धातूची वेगळी शिटी वाजते, पण त्यासाठी दागिना उघड्या हाताने धरलेला आणि दुसऱ्या हाताचं बोट पेनाच्या धातूच्या पट्टीवर हवं. हातमोजे घातले की ही सूचना मिळत नाही आणि सोन्याचं रीडिंग हिऱ्याचं समजलं जातं. सुटा खडा चिमटीत धरू नका, सोबतच्या धातूच्या पट्टीतल्या खळग्यात ठेवा. लहान खडा लगेच तापतो, तेव्हा पुन्हा तपासण्याआधी त्याला निवू द्या. बॅटरी उतरली असेल तर कुठल्याच निकालावर विश्वास ठेवू नका.

आता खरी गोची. मोइसनाईट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा पण हिरा नसलेला खडा, उष्णता इतकी चांगली नेतो की साधा टेस्टर त्यालाही हिराच म्हणतो. वीजवहनही तपासणारा टेस्टर बरेच मोइसनाईट पकडतो, सगळे नाही. आणि नैसर्गिक निळे हिरे वीज वाहून नेत असल्याने त्यांना उगाच मोइसनाईट ठरवतो. दहापट भिंग स्वस्त आणि भरवशाचं. खडा थोडा तिरपा करून वरच्या पैलूंमधून तळाच्या कडा बघा. दुहेरी दिसल्या तर मोइसनाईट. सरळ वरून बघितलं तर हे दुहेरीपण लपतं.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर हिराच, कुठलाही उष्णता-टेस्टर त्याला वेगळं काढणार नाही. तिथे भिंगाने खड्याच्या कंबरेच्या (सर्वांत रुंद भागाच्या) कडेवर कोरलेला क्रमांक शोधा, प्रमाणपत्राशी जुळवा. क्रमांक नसेल आणि किंमत नैसर्गिकची सांगत असतील, तर पैसे देण्याआधी खडा प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.