जुना वस्तरा घेताय? या चुका टाळा

सलूनवाले केव्हाच अर्ध्या ब्लेडच्या उस्तऱ्यावर गेले. त्यांच्या आज्यापणज्याचे वस्तरे भंगारातून बाहेर पडतात आणि सोलापुरातली हौशी पोरं ते उचलतात. त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दर वेळी तीच चूक करतात, त्याला काय म्हणायचं?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक : चकाकीला भुलणं. आमच्या गल्लीतला एक पोरगा मंगळवार बाजारातून आरशासारखा वस्तरा घेऊन आला. "काका, बघा की, कसला चमकतोय! जर्मनीतल्या झोलिंगेनचा आहे." मी भिंग लावलं. मुठीजवळ कोरलेली अक्षरं चेपल्यासारखी, निम्मी पुसलेली. पात्याच्या कडा गोलावलेल्या, आणि खांद्याच्या (पातं संपून मुठीकडे वळतं तिथल्या) खाचेत, जिथे पॉलिशचं चाक पोचत नाही, तिथे निळसर झाक. म्हणजे विकणाऱ्याने गंज घालवायला बफ मारला होता आणि पातं तापवून ठेवलं होतं. पोलाद साधारण 300 अंशांना निळं पडतं. वस्तऱ्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, त्याच्या बरंच आधी उतरायला लागतं. पोरगं ऐकेना, म्हणून दगडावर धार लावून दिली. धार आली, पण एका गालातच वळली. पातळ पात्याचं पाणी गेलं की ते घरी परत देता येत नाही. आता तो वस्तरा पेन्सिलीला टोक काढतो.

म्हणून मी चकचकीत वस्तऱ्यापेक्षा काळपट पडलेला आधी हातात घेतो. काळा डाग बहुतेक वेळा जुनाट थर असतो. धोका लाल, फुगलेल्या गंजाचा, त्यातही धारेच्या काठाशी पडलेल्या खड्ड्यांचा. पाठीवरचे खड्डे चालतात. धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आतला खड्डा मात्र आज ना उद्या दगडावर उघडा पडणार आणि तिथे धार तुटणार. दहापट भिंग फार महाग मिळत नाही, तरी कोणी घेत नाही. घाई!

पाठ न बघणं ही दुसरी चूक, आणि माझ्या मते चकाकीइतकीच घातक. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, म्हणून धारेचा कोन पाठच ठरवते. पाठीवर घासून पडलेली पट्टी दोन्ही बाजूंना, टोकापासून खांद्यापर्यंत सारखी रुंद हवी. एकीकडे बारीक आणि दुसरीकडे जाड दिसली, तर कुणीतरी वर्षानुवर्षं हात तिरपा ठेवून घासलंय. मग धार सरळ मोजपट्टीच्या कडेवर टेकवून उजेडाकडे धरा. मध्ये उजेड दिसला तर धार आत वळलेली आहे. सरळ करायला इतकं पोलाद झिजवावं लागतं, की मी तसला वस्तरा खालीच ठेवतो. किंचित बाहेर वळलेली धार मात्र चांगली, अनेक वस्तरे मुळातच तसे असत.

चीर शोधायला पात्याला हलकं तेल लावून पुसा आणि थोडा वेळ थांबा. चिरेतून तेल पुन्हा वर येतं. धारेला काटकोनात चीर गेलेली असेल तर किंमत विचारूसुद्धा नका.

सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, मूठ कुजत असेल तर तिला घाम सुटतो, उग्र वास येतो आणि बाहेर पडणारी आम्लाची वाफ पात्यालाच खाते. बंद डबा आणि सोलापूरचा मे महिना म्हणजे या कुजण्याला आमंत्रण. असा वस्तरा बाकीच्यांपासून वेगळा, हवेशीर जागी ठेवा. मूठ कशाची आहे हे बघायला तापलेली सुई टोचायचा आगाऊपणा करू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं.

हस्तिदंती मूठ आहे असं सांगून भाव वाढवणारा भेटला तर पुढच्या दुकानात जा. आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बेकायदा आहे.

अंगठ्याने धार बघू नका. तोंडाला येईल ती किंमत फक्त नावावर देऊ नका. मुठीची खीळ सैल असेल तर घासाघीस करा, सोडून देऊ नका, कारण खीळ बदलता येते.

आणि दुसऱ्याचा वस्तरा गालाला लावण्यापूर्वी उकळत्या पाण्यात टाकायची कल्पना सोडा, मूठ वाकडी होईल. पातं स्पिरिटने पुसा, मुठीला स्पिरिट लागू देऊ नका, आणि नंतर पात्यावर तेलाचा हात फिरवून ठेवा.