कर्करोगाच्या उपचारांत जोडीदाराला श्रद्धेने साथ कशी द्यावी

पती किंवा पत्नीला कर्करोग असल्याचे निदान झाले की श्रद्धाळू घरात उपचारांची धावपळ आणि प्रार्थना या दोन्ही गोष्टी एकदमच सुरू होतात. त्यांची कामे वेगवेगळी आहेत, हे साथ देणाऱ्याने अगदी सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे. रोगाशी लढण्याचे काम शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार आणि औषधे यांचे आहे. ते सगळे सोसताना दोघांचे मन थाऱ्यावर राहावे, हे काम श्रद्धेचे. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोग शरीरात इतरत्र पसरलेला नसतानाही प्रस्थापित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपायांवर विसंबलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. त्यामुळे ‘देवावर भरवसा आहे, मग औषध कशाला’ असे कुणी सुचवले, तर ते बोलणे रुग्णाच्या कानावर जाण्याआधीच नम्रपणे पण ठामपणे थांबवणे ही तुमची जबाबदारी आहे.

प्रार्थना सुरू करण्यापूर्वी जोडीदाराला विचारावे. इतकी वर्षे एकत्र काढली म्हणून त्याच्या किंवा तिच्या मनात आत्ता काय चालले आहे ते आपल्याला ठाऊक आहे, असे गृहीत धरू नये. गंभीर आजारात कुणाची श्रद्धा दृढ होते, कुणाची डळमळते, तर कुणाला काही काळ देवाचे नावही नकोसे होते. प्रार्थना मोठ्याने केलेली चालेल की मनातल्या मनात, त्यात आजाराचा उल्लेख असावा की नसावा, नातेवाइकांनी भोवती बसलेले आवडेल की फक्त आपण दोघेच असावे, हे सरळ विचारता येते. उत्तर दर आठवड्याला बदलू शकते, तेव्हा पुन्हा विचारण्यात संकोच बाळगू नये. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर देण्याची घाई करू नये. पूर्वकर्म, परीक्षा, ईश्वरी योजना ही स्पष्टीकरणे निरोगी माणसाला दिलासा देत असतील, पण वेदनेत असलेल्याला ती आरोपासारखी ऐकू येतात. तो राग ऐकून घेणे, जवळ बसून राहणे आणि आपली प्रार्थना त्या वेळी आपल्यापुरती ठेवणे, हेच उचित होय.

‘श्रद्धा ठेव, नक्की बरा होशील’ हे वाक्य माझ्या मते पूर्णपणे टाळावे. त्यात माया असते, परंतु रिपोर्ट वाईट आला की ‘माझीच श्रद्धा कमी पडली’ असा अर्थ रुग्ण त्यातून काढतो आणि आजारावर अपराधीपणाचे ओझे चढते. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, इतरांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती कमी झाल्याचे दिसले नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंती काहीशा अधिक आढळल्या. याचे कारण निश्चित झालेले नाही, पण अपेक्षेचे दडपण हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले गेले. म्हणून प्रार्थनेत काय मागावे याचाही विचार करावा. आजची रात्र शांत जावी, उलटी थांबावी, उद्याच्या तपासणीला सामोरे जाण्याचे धैर्य मिळावे, असे मागणे रुग्णाला आपलेसे वाटते आणि त्यातून कुणी नापास होत नाही.

केमोथेरपीची चक्रे बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने येतात आणि पुष्कळ औषधांच्या बाबतीत डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. हे दिवस दिनदर्शिकेवर ठळकपणे नोंदवून ठेवावेत, कारण या काळात साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. सामूहिक प्रार्थना, भेटायला येणारी मंडळी, प्रार्थनास्थळातील गर्दी यांना या दिवसांत नकार द्यावा, आणि तो नकार रुग्णाच्या तोंडून न जाता तुमच्या तोंडून जावा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक भरला, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयाने दिलेल्या तातडीच्या क्रमांकावर फोन करावा; आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये, कारण त्याने ताप दबतो, संसर्ग मात्र वाढत राहतो. प्रार्थना रुग्णालयाच्या वाटेवरही करता येते. कुणी श्रद्धेने आणून दिलेले पवित्र पाणी, चूर्ण किंवा काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये, कारण पाण्यातून जंतू जाऊ शकतात आणि काही वनस्पती औषधांचा परिणाम कमी-जास्त करतात. देणाऱ्याचा मान राखून वस्तू जवळ ठेवता येते. जोडीदाराला उपवास करायचा असेल, तर तोही डॉक्टरांना विचारूनच. घटणारे वजन आणि चुकणाऱ्या गोळ्या यांमुळे पुढचा डोस लांबू शकतो.

नित्याची उपासना आजाऱ्याच्या ताकदीच्या मापाने बेतावी लागते. तोंडात फोड आले असतील, तर त्याला पठण करायला लावू नये. आपण हळू आवाजात म्हणावे, त्याचा हात आपल्या हातात असावा आणि त्याने डोळे मिटले की तेथेच थांबावे. केमोथेरपीसोबत स्टेरॉइड दिले जात असेल, तर त्या रात्री झोप उडते आणि ते थांबल्यावर एकाएकी गळून गेल्यासारखे होते, हे ठाऊक असले की त्या दिवसांतली चिडचिड मनाला लागत नाही. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतात आणि यंत्राच्या खोलीत रुग्णाला एकट्यानेच निश्चल पडून राहावे लागते. डोक्याच्या किंवा मानेच्या उपचारात चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा टेबलाला जखडलेला असतो आणि ओठ हलवणेही अवघड जाते. अशा वेळी मोठे स्तोत्र आठवत नाही. श्वासाबरोबर मनात म्हणता येईल अशी एखादी ओळ किंवा एखादे नाम दोघांनी आधीच ठरवावे, आणि त्याच वेळी तुम्हीही बाहेरच्या बाकावर तेच म्हणत आहात हे त्याला माहीत असावे.

एका वहीत ताप, उलट्या, शौच, झोप, वेदना आणि औषधांच्या वेळा रोज लिहाव्यात व डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही तेथेच टिपावेत. आपल्या झोपेकडेही लक्ष द्यावे. सेवा हे व्रत मानणारी माणसे मदत घेणे कमीपणाचे समजतात, पण जागरणाने थकलेला माणूस औषधांची मात्रा चुकवतो. आठवड्यातून काही तास दुसऱ्या विश्वासू माणसाकडे सोपवणे हे त्या सेवेतच मोडते. तुमचाही देवावर राग असेल, तर तो एखाद्या धर्मगुरूपाशी, समुपदेशकापाशी किंवा जवळच्या मित्रापाशी मोकळा करावा.

आजार आटोक्यात येत नसल्याचे कळले, तर श्रद्धाळू कुटुंबे पुष्कळदा परिहारक उपचारांना, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांना (पॅलिएटिव्ह केअर), हार समजून दूर ठेवतात. तो मोठा गैरसमज आहे. वेदना, धाप, भीती आणि आध्यात्मिक अस्वस्थता यांवर काम करणारे हे उपचार इतर उपचारांबरोबर सुरू करता येतात. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ते लवकर मिळालेल्यांच्या जगण्याचा दर्जा सुधारला आणि ते सरासरीने काही महिने अधिक जगले. चमत्काराची आशा मनात असली तरी पुढची बोलणी टाळू नयेत. कोणते उपचार नकोत, घरी राहायचे की रुग्णालयात, शुद्ध हरपल्यास निर्णय कोणी घ्यायचा आणि शेवटच्या दिवसांत कोणती प्रार्थना, कोणाच्या आवाजात ऐकायला आवडेल, हे जोडीदार बोलू शकतो आहे तोवर विचारून लिहून ठेवावे आणि त्याची एक प्रत उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे द्यावी.