वासराच्या डोळ्यात फूल पडतंय? औषधाआधी पापणी उलटून बघा

भातकापणी उरकली की कोकणात गुरं मोकळी सुटतात, आणि त्याच सुमारास एखादं वासरू एक डोळा मिटून उभं दिसतं. गालावर पाण्याचा ओघळ आणि त्यावर माश्या. दोन दिवसांत बुबुळाच्या मधोमध पांढुरका ठिपका येतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘फूल पडलं.’ खरं तर उपचार ओघळ दिसला त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत.

बहुतेक वेळा हा साथीचा डोळा असतो. मोराक्सेला बोव्हिस नावाचा जिवाणू तो करतो आणि माश्या तो गोठाभर पोचवतात. ऑक्टोबरचं ऊन, धूळ आणि टोकदार गवत यांनी डोळा आधीच खरचटलेला असतो, तिथे जिवाणूला जागा मिळते. वासरांना हा त्रास जास्त होतो. डोळ्याभोवती काळी कड नसलेल्या पांढऱ्या तोंडाच्या संकरित गाईंनाही.

वासराला सावलीत आणा, उन्हात ते डोळा उघडणारच नाही. दावं आखूड करून डोकं खांबाला बांधा, एकाने जबडा धरावा. हात साबणाने धुवा. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून, सुई काढलेल्या सिरिंजने डोळ्याच्या कोपऱ्यातून हलकी धार सोडा. मग खालची पापणी ओढून बघा आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या पडद्याखालीही नजर टाका.

तिथे कुसळ सापडू शकतं. म्हणीतलं कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात लगेच दिसतं, वासराच्या डोळ्यातलं मात्र शोधावं लागतं. वरवरचं असेल तर धारेबरोबर निघून येईल, पण रुतलेलं चिमट्याने ओढू नका. कधी पांढऱ्या दोऱ्यासारखे वळवळणारे जंत दिसतात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे. तेही माशीच आणते, पण प्रतिजैविकाने ते मरत नाहीत. त्यांना लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिन लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवून. हे दोन्ही नसेल आणि बुबुळ धुरकट होत असेल, तर साथीचा डोळा धरून चाला. सोबत ताप, वाहणारं नाक किंवा अंगावर गाठी असतील तर दुखणं वेगळं आहे, तसं डॉक्टरांना सांगा. पशुवैद्यकीय सेवेचा फोन १९६२.

डॉक्टर बहुधा लांब मुदतीचं ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचतात. प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या बाटलीतून १०० किलो वजनाला १० मिलिलिटर. गाय मोठी असेल तर ते दोन-तीन जागी विभागून देतात. ४८ ते ७२ तासांनी दुसरी मात्रा लागू शकते, आणि डोळा उघडलेला दिसला की ती टाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ती टाळायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. काही डॉक्टर डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखाली पेनिसिलिन टोचतात. ते आपलं काम नाही.

आपलं काम मलमाचं. साधं टेट्रासायक्लिनचं मलम अश्रूंबरोबर वाहून जातं, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा खालच्या पापणीच्या आत त्याची रेघ ओढावी लागते. ट्यूबचं तोंड डोळ्याला लागू देऊ नका. क्लॉक्सासिलिनचं गुरांसाठीचं मलम जास्त टिकतं, मिळालं तर तेच मागा.

एक चूक मी स्वतः केली आहे. घरात माणसांची डोळ्यांची ट्यूब होती, तीच पाडीला घातली. तिच्यात डेक्सामेथासोन होतं. बुबुळाला जखम असताना स्टेरॉइड घातलं की जखम भरत नाही, उलट खोल जाते. पाडीचा तो डोळा गेला. तेव्हापासून ट्यूबवरची बारीक अक्षरं मी चष्मा लावून वाचतो. चुना, मीठ, तंबाखूची पिंक हे सगळंही गोठ्याबाहेरच ठेवा.

दुखण्यावर मेलोक्सिकॅम चालतं. डायक्लोफिनॅकवर गुरांसाठी २००६ सालापासून बंदी आहे, कारण ते दिलेलं गुरू मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात उरलेली गिधाडं जपायला लोक किती झटतात ते बघितलं, की हा नियम जाचक वाटत नाही.

दुभती गाय असेल तर औषधाच्या लेबलावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध घरात घेऊ नका आणि विकूही नका. उकळून औषध पूर्ण जात नाही.

आजारी गुरू पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वेगळं बांधा, त्याचं काम सगळ्यात शेवटी करा. डोळा पुसायचं फडकं दुसऱ्या गुराला वापरू नका. शेण रोज उचला. संध्याकाळी शेणीची धुरी करायची तर गोठ्याबाहेर, धूर आजारी गुराकडे जाणार नाही अशा बाजूला करा. दुखऱ्या डोळ्याला धूर झोंबतो.

आठवड्याभरात बुबुळाच्या कडेने लाल शिरा आत सरकताना दिसल्या तर घाबरू नका, जखम भरायला लागली आहे. पूर्ण निवळायला तीन-चार आठवडे लागतात, कधी पांढरा डाग उरतो आणि तरीही वासराला दिसतं. मात्र बुबुळ टोकदार होऊन पुढे आलं किंवा मधला खड्डा खोल होत चालला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी फोन करा.